सातवा रकाना

मी आयुष्यभर काय काम केलं, हे माझ्या सख्ख्या मावशीलाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ती लोकांना सांगायची, "आमचा बापू पोलिसात आहे, पण कोणाला पकडत नाही." या अंकाच्या संपादकांचाही तसाच काहीतरी समज असावा. मला म्हणाले, खून-दरोड्याचं एखादं रंगतदार प्रकरण असेल तर लिहा. माझ्याकडे खून नाही, दरोडा नाही. एक पहार आहे. तेवढ्यावर भागत असेल तर वाचा.

आधी धंदा सांगतो. एखाद्यावर गुन्हा शाबीत झाला की त्याला तुरुंगात धाडायचं, ही वाट सगळ्यांना ठाऊक असते. दुसरीही एक वाट कायद्यात आहे. गुन्हा किरकोळ असेल, माणूस सुधारण्याजोगा असेल, तर चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र घेऊन त्याला घरी सोडता येतं. मग वर्ष-दोन वर्षं एक अधिकारी त्याच्यावर नजर ठेवतो. पण सोडायचं की धाडायचं, हे न्यायाधीशांनी ठरवायचं कशावरून? पिंजऱ्यात उभा असलेला माणूस म्हणजे नाव, वय आणि कलम, बस्स. तो घरी कसा वागतो, गावात त्याला काय किंमत आहे, हे कोणीतरी जाऊन विचारून यावं लागतं. ते विचारून येणारा मी. सरकारी भाषेत परिवीक्षा अधिकारी. मुळशी तालुक्यात हा शब्द कोणालाच उच्चारता आला नाही, आणि पहिला महिनाभर मीही अडखळत होतो. लोकांनी आपलं सोपं नाव ठेवलं, 'इचारनारा सायेब'.

माझ्याजवळ छापील फॉर्म असे. त्यात रकाने. वय, शिक्षण, शेती, व्यसनं, घरची माणसं, कायमचा पत्ता. सातवा रकाना होता 'गावातील ओळख व आधार'. तळाशी दोन ओळींची जागा, तिथे माझी शिफारस. त्या दोन ओळी वाचून बहुतेक न्यायाधीश निकाल देत. म्हणजे पाहा, पगार माझा कारकुनाचा आणि लेखणी मात्र माणसाला तीन महिने आत टाकेल अशी. शिवाय माझं अक्षर फार सुरेख. त्याचा मला गर्व होता, तो का सांगतोय ते पुढे कळेल.

लोक आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, आपण कशासाठी विचारतोय असं त्यांना वाटतं त्याला उत्तर देतात. हे शहाणपण मला पहिल्याच वर्षी सूस गावात मिळालं होतं. तेव्हाचं सूस म्हणजे शेतं आणि बाभळी. बांधावरून चुलतभावाच्या डोक्यात खुरपं घातलेल्या एका तरुणाची चौकशी करायला मी गेलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "मुलगा कसा आहे?" म्हाताऱ्याने मला घोंगडीवर बसवलं, घरात हाक मारून पोहे करायला सांगितलं आणि सुरुवात केली. "पोरगा म्हंजे सोनं. इडीकाडी न्हाई. हिरीला बारमाही पानी. बैलजोडी खिल्लार." मी भराभर लिहून घेत होतो. पोहे संपल्यावर म्हातारा पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "पोरगी कितवी शिकलीया?"

ही गोष्ट मी कचेरीत वर्षभर सांगितली आणि हशे मिळवले. तिच्यातून शिकलो मात्र काही नाही. शिकलो असतो तर भिवाचं तसं झालं नसतं.

भिवा हिलम ताम्हिणीच्या बाजूच्या एका कातकरी वाडीवरचा. वय तिशीचं, काळासावळा, हडकुळा. घाटाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याची डागडुजी चालू होती, तिथली एक लोखंडी पहार त्याने उचलली. भर दिवसा, खांद्यावर टाकून, रस्त्यानेच. मुकादमांनी मुद्देमालासह पकडलं. कोर्टात विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नेली. सांजच्याला परत ठेवनार व्हतो." पहिलं वाक्य गुन्हा कबूल म्हणून लिहिलं गेलं, दुसरं कोणीच लिहिलं नाही. वैशाखाचा शेवट होता. शिक्षा सांगण्याआधी न्यायाधीशांनी माझा अहवाल मागवला.

एस.टी. सोडून धरणाच्या कडेकडेने दोन तास चालत मी तिथे पोचलो. वाडीच्या खाली शेतकऱ्यांचं छोटं गाव होतं. पहिल्याच घरापुढे एक म्हातारे शेतकरी, दगडूबा, गोठ्याच्या कामात होते. गोठ्याला आधार देणारे, वर दोन फाटे असलेले लाकडी खांब असतात, त्यांना तिकडे मेढी म्हणतात. तीन मेढी उभ्या झाल्या होत्या, चौथीचा खड्डा अर्धवट होता आणि बाकी लाकडं बाजूला रचून ठेवली होती. मी त्या लाकडांवरच बसलो, फॉर्म मांडीवर घेतला आणि विचारलं, "वरच्या वाडीवरच्या भिवा हिलमला ओळखता का?"

दगडूबांनी माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. "न्हाई बा."

"इथून वाडी दिसते की हो!"

"वाडी दिसती. मानूस न्हाई वळखत."

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरीही. वर वाडीवर गेलो तर तिथे त्याहून कमाल. त्याच्या झोपडीला झोपडी लागून असलेली रखमा नावाची म्हातारी म्हणाली, "कोन भिवा? मला डोळ्याला दिसत न्हाई." वर मला म्हणाली, "मुकादमाचं इचारा. त्याला समदी वळखत्यात. लई पितो." आणि मुकादमांबद्दल तिने पाव तास माहिती दिली, डोळ्याला न दिसता.

चिडलो मी. उन्हातान्हात एवढं चालत यायचं आणि वाडीने तोंड शिवून बसायचं! परतताना मनाशी निकाल लावून टाकला. ज्याला शेजारीसुद्धा ओळख द्यायला तयार नाहीत, तो माणूस असणार कसा? सुरेख अक्षरात सातवा रकाना भरला. 'गावात ओळख नाही. आधार नाही.' कायमचा पत्ता, 'अनिश्चित'. तळाच्या दोन ओळींत, 'सदर इसम परिवीक्षेवर सोडण्यास योग्य वाटत नाही.' न्यायाधीशांनी तीन महिने दिले. अहवाल व्यवस्थित आहे, असा शेराही मारला. तो शेरा मी घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितला.

आषाढात मला तुरुंगातून एक पोस्टकार्ड आलं. तिथला एक लिहिता येणारा कैदी इतरांची कार्डं लिहून देत असे. भिवाच्या घरचा पत्ता 'अनिश्चित', तो मीच केलेला. त्यामुळे कार्ड कुठे पाठवावं हे न कळून तुरुंगाच्या कारकुनाने कागदपत्रांवर सापडलेला एकमेव पत्ता घातला होता, माझा. मजकूर चार ओळींचा होता. दगडूबाला सांगावं, चौथी मेढ कमरेइतकी खोल घ्या, नाहीतर वारा गोठा पाडंल. घरी ठकीला सांगावं, आधी रखमाआजीचं छप्पर बघ, आपलं मागून. पेंढा कुठला घ्यायचा ते दगडूबा दाखवतील. मी बरा हाय.

मी ते कार्ड तीनदा वाचलं. ज्या दगडूबांनी त्याला ओळखत नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याच गोठ्याची काळजी हा माणूस तुरुंगात बसून करत होता. आणि मी ज्यांच्यावर बसून टिपणं घेतली होती, त्या मेढी त्याच गोठ्याच्या होत्या. पहार त्यासाठीच नेली होती. कार्ड सौभाग्यवतींच्या हातात दिलं. त्यांनी वाचून शांतपणे परत केलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं असलं की असं होतं. लिहिलेलं खरं वाटायला लागतं."

निरोप पोचवणं हे माझ्या कामात बसत नव्हतं, पण घरी बसवेना. त्या भागातला आषाढ ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, आणि न पाहिलेल्याला सांगून कळणार नाही. छत्री पहिल्या फर्लांगातच उलटी झाली. दगडूबांचा गोठा निम्मा उघडा होता, बैल अंगावर गोणपाट घेऊन उभे होते. मी ओटीवर उभा राहून कार्ड मोठ्याने वाचलं. दगडूबा खाली मान घालून ऐकत राहिले. "चौथी मेढ कमरेइतकी खोल" हे ऐकल्यावर त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्याला लावलं.  मग वाडीकडे जायची वाट हाताने दाखवली.

भिवाच्या झोपडीत त्याची बायको ठकी चुलीशी बसली होती. छपरातून तीन ठिकाणी पाणी गळत होतं आणि तीन ठिकाणी भांडी मांडली होती. वाडीवर आपसात कातकरी बोलीच चालते, पण माझ्याशी ती गावातली मराठी बोलली. मी कार्ड वाचून दाखवलं. मग न राहवून विचारलं, "बाई, हा माणूस गावाचा, वाडीचा सगळ्यांचा आहे. मग मी आलो तेव्हा एकानेही ओळखतो म्हणून का नाही सांगितलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला कोणी शाळेत घातलंच नव्हतं.

"आपल्या मानसाला वळखतो कसं म्हनायचं?"

"का नाही म्हणायचं?"

"माज्या सासऱ्याच्या वक्ताला रानात लाकूड तोडलं कुनी, का जंगलाचा शिपाई यायचा. इचारायचा, अमक्याला वळखतो का? व्हय म्हनला, का त्यालाच चावडीवर नेऊन बसवायचा. दोन-दोन दीस. 'वळखतोस ना, मग हजर कर.' तवापासनं आमी समदी, वाडी बी नि गाव बी, न्हाईच म्हनतो. परक्याला वळखतो म्हनायला काय जातंय? आपल्याला न्हाई म्हनावं. न्हाई म्हनलं म्हंजी तेवढीच राखन."

मग चहाचं आधण ठेवत म्हणाली, "तुमी लिवून घेतलं, आमी म्हनलं बरं झालं. न्हाई म्हनून लिवलंय, आता सोडत्याल."

सगळं गाव आणि वाडी आपापल्या परीने भिवाची हमी देत होती, आणि मी ती हमी 'ओळख नाही' म्हणून नोंदवली होती. मी कोरा चहा घेतला, खाली उतरलो आणि एस.टी.त बसल्यावर मला रडू आलं. छत्री मोडल्यामुळे आधीच भिजलो होतो, कोणाच्या लक्षात आलं नाही.

भाद्रपदात भिवा सुटला. मी मनाशी म्हटलं, चला, झालं ते झालं. पण तुरुंग माणसाला एक शिक्का देतो, तो पुसत नाही. पुढच्या खेपेला तो 'पूर्वी शिक्षा झालेला' असतो. आणि पुढची खेप कार्तिकातच आली. पाऊस उघडला, वाट सुकली, भिवाने पाहिलं तर दगडूबांचा गोठा अजून तसाच. दगडूबांची स्वतःची पहार वाकलेली, लोहार लांब. भिवा सरळ रस्त्याच्या कामावर गेला आणि पुन्हा पहार उचलली. तीच पहार! मुकादमांनी तिच्या दांड्यावर ओळखू यावी म्हणून लाल रंगाचा पट्टा ओढला होता, तो पट्टा दाखवतच हा रस्त्याने निघाला होता. पुन्हा पकडला. कोर्टात पुन्हा तेच, "नेली. सांजच्याला परत ठेवनार व्हतो."

न्यायाधीश तेच होते. वेळेचे कडक, पण ऐकून घेणारे. दुसरी वेळ म्हणजे सहसा अहवालही मागवत नाहीत, थेट शिक्षा. मी पुढे होऊन विनंती केली की, मला पुन्हा एकदा चौकशी करू द्यावी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आठ दिवस दिले.

आता भिवाचं पुढचं वर्ष कसं जाणार, हे माझ्या एका कागदावर होतं, आणि त्याला या पेचात माझ्याच आधीच्या कागदाने आणलं होतं. वाटेत एकच विचार करत होतो. 'ओळखता का' विचारलं की गाव दार लावून घेतं. मग विचारायचं काय?

दगडूबांच्या ओटीवर बसलो. फॉर्म पिशवीतच ठेवला. म्हटलं, "दगडूबा, मी काही ओळखता का विचारत नाही. एवढंच सांगा, भिवा आता सहा महिने नसला, तर तुमचं काय अडेल?"

 म्हाताऱ्याने तंबाखू मळली, टाकली, पुन्हा मळली.

"गोठा ऱ्हाईल," ते म्हणाले. मग म्हणाले, "गोठ्याचं जाऊ द्या. बैल बांधीन झाडाला. छपरं ऱ्हात्याल. ह्या गावात पावसाच्या आधी घरं शाकारायला त्योच येतो. पेंढा कसा रचायचा, कारवीची काठी कुटं घालायची, दुसऱ्या कुनाला येत न्हाई. औंदा त्यो न्हवता. समदं गाव गळत हुतं, सायेब. पाटलाच्या देव्हाऱ्यात पानी."

ज्या माणसाला गावात कोणीच ओळखत नव्हतं, तो एक पावसाळा नव्हता तर गावातलं एकही छप्पर कोरडं राहिलं नव्हतं. मी घरोघर तोच प्रश्न विचारत गेलो आणि लोक बोलतच राहिले. रखमाआजीला यावेळी डोळ्यांनी चांगलं दिसत होतं. "माजं पानी कोन आननार? झऱ्याची वाट मला उतरवत न्हाई," ती म्हणाली. खूप लिहिलं मी. रकान्यात मावेना म्हणून पाठीमागे लिहिलं, मग वेगळा कागद जोडला. अक्षर अगदीच कोंबडीचे पाय झालं होतं, ते तसंच राहू दिलं.

तारखेला न्यायाधीशांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले.

"वैशाखात तुम्ही लिहिलंय, याला कोणी ओळखत नाही. आता दोन पानं भरून लोक याच्यावाचून अडलेत. यातला खोटा कोणता?"

"पहिला," मी म्हणालो. "खोटा नाही, पण चुकलेला. चूक लोकांची नाही, माझी." मग ठकीने सांगितलेलं सगळं सांगितलं. कोर्टात आपली चूक बोलून दाखवायची सवय आमच्या खात्यात कोणाला नव्हती.

न्यायाधीशांनी पहिला अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हमीपत्राला जामीन लागेल. याचा जामीन कोण राहणार? अहवालातली माणसं अहवालातच राहिली तर उपयोग नाही."

मागच्या बाकावर दगडूबा बसले होते. मी बोलावलं नव्हतं. पहाटेच घरातून निघून चालत आले असावेत, वहाणा धुळीने पांढऱ्या झालेल्या. ते उठून पुढे आले. आणि न्यायाधीशांनी, त्यांना काय ठाऊक, नेमका तोच प्रश्न विचारला.

"या माणसाला ओळखता?"

 नाही म्हणायची दोन पिढ्यांची सवय होती. दगडूबांनी एकदा भिवाकडे पाहिलं. भिवा मान हलवून त्यांना नाही म्हणा, नाही म्हणा, असं सुचवत होता! आपण आत गेलो तरी चालेल, पण म्हातारा अडकू नये.

"वळखतो," दगडूबा म्हणाले. मग न्यायाधीशांकडे वळून पुन्हा म्हणाले, "वळखतो, सायेब. माज्याच गोठ्यासाठी नेली त्यानं पहार. दोन्ही टायमाला. मागच्या खेपेला मी गप बसलो. आता बसवा मला चावडीवर, कुटं बसवायचं तितं."

चावडीवर कोणी बसवलं नाही. अंगठा घेतला आणि भिवाला वर्षभराच्या देखरेखीवर सोडलं. बाहेर आल्यावर मुकादम भिवाला म्हणाले, "अरे, मागितली असतीस तर दिली असती की!" भिवा म्हणाला, "मागितली असती तर दिली नसती." दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असावेत. पण त्यानंतर मुकादम मागितली की देत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच सुमारास राज्य सरकारने एक समिती नेमली होती. किरकोळ गुन्ह्यांना तुरुंगाऐवजी दुसरं काय करता येईल, यावर शिफारशी करायच्या होत्या. आमच्या न्यायाधीशांनी माझे दोन्ही अहवाल आपण होऊन त्यांच्याकडे पाठवले, आणि मला पुण्याला साक्षीसाठी बोलावणं आलं. वरिष्ठ म्हणाले, "दोन पानांत बसवा आणि पहिल्या अहवालाचा उल्लेख टाळा. खात्याची शोभा होते." मी दोन पानांत बसवलं. उल्लेख टाळला नाही.

अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती होते, पांढऱ्या मिशांचे. माझ्या आधीच्यांनी तुरुंगांच्या भिंती, जेवण, हातमाग यांबद्दल लांबलचक वाचून दाखवलं होतं, सगळे कंटाळले होते. मी सांगितलं, छोट्या शिक्षेच्या आधी चौकशी सक्तीची करा. जामिनाला जमीनच असली पाहिजे असं नको, गावात शब्दाला किंमत असलेला माणूस पुरे. आणि सातवा रकाना बदला. 'ओळख आहे का' हे विचारू नका. हा माणूस नसल्यास कोणाचं काय अडेल, ते विचारा.

अध्यक्ष म्हणाले, "प्रत्येकाचं कोणाचं ना कोणाचं अडतंच. मग शिक्षाच नको?"

"द्यावी ना, साहेब. पण अडतं ते लिहून मग द्यावी. म्हणजे ती कोणाकोणाला होते, ते तरी कळेल."

एका सभासदाने विचारलं, "सोडलेला माणूस पुन्हा तेच करणार नाही याची काय खात्री?"

"यानं पुन्हा तेच केलं होतं, साहेब," मी म्हणालो. "पण तुरुंगातून आल्यावर. सोडल्यावर नाही केलं." न्यायमूर्ती हसले नाहीत, पण मिशा हलल्या.

समितीचा अहवाल जाडजूड निघाला. त्यातल्या बऱ्याच शिफारशी कपाटात गेल्या, तिथे त्या अजून सुखरूप असतील. जामिनाबद्दलची माझी शिफारस अर्धीमुर्धी घेतली गेली. पण काही काळाने आमच्या जिल्ह्याला नवीन फॉर्मचा गठ्ठा आला, तो उघडून मी सातवा रकाना वाचला. 'आरोपीच्या अनुपस्थितीत कुटुंबाची व गावाची होणारी अडचण.' भाषा सरकारी, पण प्रश्न दगडूबांच्या ओटीवर विचारलेला. कचेरीत सगळ्यांना पेढे वाटले. कोणी विचारलं तर सांगायचो, रकाना झाला.

एक गोष्ट मात्र सलते. त्या दिवसांत मी जुन्या अहवालांच्या प्रती काढून बसलो आणि 'ओळख नाही' असं कुठे कुठे लिहिलंय ते पाहिलं. होते काही. त्यातली कोणती माणसं खरोखर एकटी होती आणि कोणत्या माणसांना गावाने पोटाशी धरलं होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. भिवाचे तीन महिनेही कोणत्या शिफारशीने परत आले नाहीत. तो स्वतः कधी त्याबद्दल बोलला नाही. देखरेखीच्या वर्षात दर महिन्याला हजेरीला यायचा, माझ्या कचेरीच्या छपराकडे बघायचा आणि म्हणायचा, "सायेब, हे गळंल." आणि ते गळायचं.

माझी बदली झाली तेव्हा माझ्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्यांना मी तालुका दाखवायला घेऊन गेलो. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण नवेकोरे, खाकी टोपी, हातात फॉर्मचा गठ्ठा. ताम्हिणीच्या बाजूला पोचलो तेव्हा भिवा दगडूबांच्या गोठ्यावर चढून पेंढा रचत होता. चौथी मेढ कमरेइतकी खोल होती, गोठा दोन पावसाळे हललेला नव्हता. दगडूबा खाली उभे राहून सूचना देत होते, आणि भिवा त्या ऐकत नव्हता. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी जरा मागे थांबलो. नवे साहेब पुढे गेले. ओळख करून घ्यावी म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि आपल्या करड्या आवाजात वर पाहून विचारलं, "काय रे, त्या माणसाला ओळखतोस का?"

भिवाचा हात थांबला. त्याने टोपी पाहिली, गठ्ठा पाहिला, मग मागे चप्पल हातात घेऊन उभा असलेल्या मला पाहिलं. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"न्हाई, सायेब," तो म्हणाला. "कदी बगितलंच न्हाई."

साहेबांनी दगडूबांकडे पाहिलं. दगडूबा माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "आमच्या हिकडचा न्हाई त्यो," ते म्हणाले.

साहेब गोंधळून मागे वळले. मी तिथेच वाटेत खाली बसलो आणि तुटकी चप्पल नीट करत राहिलो. डोळे भरून आले होते, आणि ती नीट होत नव्हती.